पासिंगच्या तारखांमधली दहा महिन्यांची फट

जुना टेम्पो बघायला गेलं की विकणारा आधी किलोमीटर सांगतो आणि लगेच म्हणतो, "पासिंग आहे बरं का, त्याची काळजी नको." किलोमीटरच्या आकड्यावर हल्ली कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. पासिंगवर ठेवतात, कारण ते सरकारी आहे. आरटीओने गाडी बघितली, ब्रेक लागले, दिवे लागले, शिक्का बसला, एवढं घेणाऱ्याला पुरतं. मला आजच्या पासिंगमध्ये फारसा रस नव्हता. गाडी रस्त्यावर आल्यापासून आजपर्यंत ती कधी कधी पास झाली आणि मध्ये कधी राहिली, हे मला हवं होतं.

आमचा व्यवसाय लोकांच्या बाल्कन्या आणि गच्च्यांवर बागा करून देण्याचा. रोपं सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून येतात, माती आणि शेणखत सासवडच्या बाजूने. ओल्या मातीच्या कुंड्या किती जड असतात हे ज्याने चार मजले चढवल्यात त्यालाच माहीत. आजवर भाड्याचा टेम्पो बोलवायचो. आता स्वतःचा घ्यायचं ठरलं आणि चालवणार माझा धाकटा भाऊ. म्हणजे भरलेली गाडी घेऊन दिवे घाट उतरणार तो. नवले पुलाच्या उतारावर पुण्याने काय काय बघितलंय ते सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. आमची गाडी त्या मानाने खेळणं, पण घाटात ब्रेक लागला नाही तर दीड टनही पुष्कळ होतो. त्यामुळे पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण गाडीचा मागचा सगळा हिशेब कळल्याशिवाय इसार द्यायचा नाही, हे घरात आधीच बोलून घेतलं.

घ्यायचा होता छोटा हत्ती. टाटा एस हे त्याचं खरं नाव. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने तो बाजारात आणला आणि सुरुवातीला तो आपल्या पुण्यातच बनायचा. इथल्या प्रत्येक मिस्त्रीला तो पाठ आहे, नाना पेठेत त्याचा सुटा भाग मिळाला नाही असं होत नाही. गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्यामुळे मालवाहतुकीचं वेगळं परमिट लागत नाही, हाही आमच्यासारख्यांना मोठा फायदा.

पासिंग म्हणजे कागदोपत्री फिटनेस सर्टिफिकेट, योग्यता प्रमाणपत्र. खासगी कारला पहिली १५ वर्षं हे लागतच नाही. तिची नोंदणीच १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करताना आरटीओ ती तपासतो. म्हणजे बारा वर्षांची कार घेताना सरकारी तपासणीचा एकही कागद तुमच्या हाती नसतो. पीयूसी असते, पण ती धुरापुरती. धंद्याच्या गाडीचं तसं नाही. नवीन गाडीला २ वर्षं, पुढे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. २०१८ च्या अखेरीपर्यंत हा नियम आणखी कडक होता, पहिल्या २ वर्षांनंतर लगेच दरवर्षी जावं लागायचं. मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पासिंग संपलेल्या धंद्याच्या गाडीची नोंदणीही वैध मानली जात नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

पुण्यात या गाड्या पासिंगला दिवे गावाला जातात, घाट चढून वर. ब्रेक तपासायला आरटीओंना २५० मीटरचे ट्रॅक करावे लागले ते मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या एका जनहित याचिकेमुळे. त्या आधी पुष्कळ ठिकाणी गाडी उभी करून नुसतीच बघितली जायची. हे मुद्दाम सांगते, कारण पासिंगचा कागद किती खरा यावर लोक पटकन नाक मुरडतात. ट्रॅकवर गाडी पळवून ब्रेक दाबला जातो तेव्हा त्या कागदाला निश्चित किंमत आहे. फक्त ती किंमत त्या दिवसापुरती आहे. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावून गाडी नेणारे आणि संध्याकाळी काढून परत करणारे लोक आहेत. म्हणून एका कागदाऐवजी सगळ्या कागदांची रांग बघायची.

अडचण अशी की ही रांग कुठे एका जागी दिसत नाही. एमपरिवाहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते येतं. पण फिटनेसची एकच तारीख येते, शेवटची. त्याआधीच्या तारखांसाठी मालकाची फाइलच बघावी लागते. पाच-सहा ठिकाणी फोन करून मी एकच विचारलं, "जुनी पासिंगची सर्टिफिकेटं आहेत का?" निम्म्यांनी ते कशाला म्हणून विचारलं आणि तिथेच बोलणं संपलं.

मांजरीजवळच्या एका मालकाने मात्र फाइल आहे म्हणून सांगितलं. ऑगस्ट २०१७ ची गाडी, एमएच १२, पहिलाच मालक, नुकतीच धुऊन चकचकीत केलेली. मध्ये एजंट होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते विचारल्यावर "मी डीलर नाही ताई, नुसती ओळख करून देतो," असं उत्तर आलं. ठीक आहे म्हटलं, मग बोलणं थेट मालकांशी.

फाइल घेऊन मी तिथेच बाकावर बसले आणि वहीत तारखा उतरवायला लागले. एका रकान्यात पासिंग, दुसऱ्यात विमा, तिसऱ्यात पीयूसी. ऑगस्ट २०१७ ते ऑगस्ट २०१९ पहिलं पासिंग. मग ऑगस्ट २०२१ पर्यंत. त्यानंतरचं ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी झालेलं, दोन महिने उशिरा. भावाने लगेच बोट ठेवलं. पण तो काळ कोविडचा. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपणाऱ्या गाड्यांच्या कागदांना केंद्राने मुदतवाढ देत देत ती ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली होती. त्या दोन वर्षांतल्या फटीवरून कुणालाही दोष देऊ नये, उलट या माणसाने मुदत संपायच्या आत काम केलं होतं.

पुढचं पासिंग ऑक्टोबर २०२३ ला संपलं. आणि त्यानंतरचा कागद होता ऑगस्ट २०२४ चा.

"हे मधले दहा महिने?" मी विचारलं.

"गाडी बंद होती हो. दारात उभी होती. धंदा बसला होता, मग काय करणार पासिंग करून?"

असं होऊ शकतं. गाडी खरंच उभी राहते, माणूस आजारी पडतो, काम जातं. उशिरा नूतनीकरण केलं की दिवसाला ५० रुपये जादा शुल्काचा नियम डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेत आला. दहा महिन्यांचे ते पंधरा हजारांच्या घरात जातात. एवढा भुर्दंड गाडी चालू असताना कुणी का ओढवून घेईल, असं एजंटही म्हणाला. म्हणणं पटण्यासारखं होतं. मी आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो काढून घेतला आणि उद्या कळवते म्हटलं.

रात्री महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या संकेतस्थळावर बसले. तिथे गाडीचा नंबर आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, नंबरचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात, ते आरसीवर असतात. बाकी दंड किती हे सगळेच बघतात. मी तारखा बघत होते. फेब्रुवारी २०२४ चं एक चलन होतं, वाकडच्या बाजूचं, सीट बेल्ट न लावल्याचं. फोटो उघडला. हौद्यात सिमेंटची पोती वरपर्यंत, डावा इंडिकेटर फुटलेला आणि पुढच्या बंपरच्या जागी लोखंडी अँगल ठोकलेला. आम्ही बघितलेल्या गाडीला नवा कोरा बंपर होता.

मग वहीतला विम्याचा रकाना पुन्हा काढला. पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणून एक टक्केवारी असते. वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम घेतला की सहसा थेट शून्य. गाडीला अपघात झाला होता का, हे मालकाला विचारण्याआधी या आकड्याला विचारावं. या गाडीचा आकडा २०२२ च्या पॉलिसीवर ५० होता. २०२३ च्या पॉलिसीवर शून्य. आणि २०२४ पासून नुसता थर्ड पार्टी विमा, त्यावर एनसीबी नसतेच, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. म्हणजे ऑगस्ट २०२२ ते ऑगस्ट २०२३ मध्ये कधीतरी क्लेम झाला, ऑक्टोबरमध्ये पासिंग संपलं आणि गाडी बंपरशिवाय सिमेंट वाहत राहिली.

आमचे मिस्त्रीमामा भवानी पेठेत आयुष्यभर हीच कामं करत आलेत. त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "कागद बास झाले, आता खालून बघू."

मालकांनी गाडी बघू दिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मामांनी आधी चेसी नंबर शोधला. चाकाच्या आतल्या बाजूला चेसीच्या लोखंडावर तो ठोकलेला होता, वर चिखल आणि ग्रीसचा थर. चिंधीने पुसून त्यावर पांढरा कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली. एकेक अक्षर उमटत गेलं. नाव ट्रान्सफर करताना फॉर्मवर हीच पेन्सिल छाप लागते, पण मामांना बघायचं होतं ते अक्षरांच्या आजूबाजूचं लोखंड. कुठे घासलेलं, भरलेलं, ओळ वरखाली झालेली आहे का. ते सगळं ठीक होतं. नंबर आरसीशी जुळला.

मग ते पाठीवर सरकत हौद्याखाली गेले आणि बॅटरी मागितली. बऱ्याच वेळाने मलाही खाली वाकायला लावलं. केबिनच्या मागे, डाव्या बाजूच्या लांब पट्टीवर हातभर जागेत काळा रंग जास्तच काळा होता. मामांनी नखाने खरवडलं. खाली वेल्डिंगची जाड, गाठीगाठींची रेघ होती आणि तिच्यावरून आणखी एक पट्टी चढवलेली. कंपनीचं वेल्डिंग सरळ आणि एकसारखं असतं; हे हाताने, पडून केलेलं होतं. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बघितले तर डावीकडे एक पान नवं, बाकीची जुनी. मामा बाहेर आले, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरगं घाटात चालवणार ना? मग ही नको."

मालकांना आम्ही सरळ सांगितलं की चेसी जोडलेली आहे, घेता येणार नाही. ते चिडले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, ठोकर बसली होती, क्लेमचे पैसे हप्त्यांत गेले, पासिंगला नेली तर रिजेक्ट होईल ही भीती होती, आणि घर त्या गाडीवरच चालत होतं. मला त्या माणसाचा राग आला नाही. हप्ते थकलेला माणूस गाडी उभी ठेवू शकत नाही, हे आमच्यासारख्या हातावरच्या धंद्यात कोण समजणार नाही? पण सिमेंटची पोती भरून ती गाडी दहा महिने इतरांच्या मधून चालली, हेही खरंच. एजंट शेवटपर्यंत म्हणत होता, "मी नवीन पासिंग करून देतो की, अजून काय पाहिजे?"

हाच विचार मला त्यानंतर सोडेना. ही सगळी माहिती सरकारकडे आहे. प्रमाणपत्र संगणकावरून निघतं, चलन संगणकावर चढतं, विमा आणि पीयूसीची नोंद त्याच वाहन प्रणालीत जाते. मग घेणाऱ्याला फक्त शेवटची तारीख का दाखवायची? मालकाचं नाव, पत्ता झाकून ठेवा, ते योग्यच आहे. पण गाडी कधी तपासली, पास झाली की परत पाठवली, कशासाठी परत पाठवली, हे गाडीचं आहे, माणसाचं खासगी नाही. रस्त्यावर तिच्या शेजारून चालणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे असं मला वाटतं. सोरतापवाडीच्या नर्सरीवाल्यांपासून मार्केट यार्डातल्या भाजीवाल्यांपर्यंत हजारो लोक जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करतात. प्रत्येकाकडे मिस्त्रीमामा नसतात.

दुसरी गाडी धायरीत मिळाली. पाण्याचे जार पोचवणाऱ्या एकांची, नोव्हेंबर २०१८ ची. फाइल बघून भाऊ म्हणाला, "ताई, यात तर काहीच नाही." खरंच नव्हतं. पासिंगच्या तारखा एकाला एक लागून, कोविडमध्ये थोडी सरकलेली एक. धुराच्या बीएस-४ मानकाची गाडी असल्याने पीयूसी वर्षाची, ती प्रत्येक वर्षी वेळेवर. एनसीबी पायरी पायरीने वर गेलेली. सर्व्हिस सेंटरचे पहिल्या तीन वर्षांचे कागद होते, त्यांवरचे किलोमीटर आणि आजचे किलोमीटर यांचा मेळ बसत होता. चलनं होती, नो पार्किंगची. जार उतरवताना दुसरं काय होणार. हौदा मात्र पाण्याने चांगलाच गंजला होता. पण गंज दिसतो, त्याचा भाव करता येतो.

मामांनी मागची दोन्ही चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडायला लावले. उजवीकडचा व्हील सिलिंडर पाझरत होता, लायनरला ऑइल लागलेलं. पासिंग चालू असलेल्या गाडीतच हे होतं, हे लक्षात घ्या. मालकांनी आढेवेढे न घेता सिलिंडर आणि लायनर स्वतःच्या खर्चाने बदलून दिले आणि गंजापायी किमतीतून काही रक्कम कमी केली. मग गाडीत मातीची पोती भरून भाऊ आणि मामा कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन आले. रिकाम्या गाडीचा ब्रेक बघून काही कळत नाही, हे मामांचं ठाम मत आहे आणि माझंही आता झालंय.

कागदांचं काम तसं सरळ झालं. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. कर्ज फिटलेलं, पण नोंद कमी केलेली नव्हती. कंपनीचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घेतला. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, त्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली नसती तर ट्रान्सफर अडलं असतं. ती मालकांनी बसवून घेतली होती. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, पेन्सिल छाप, संगम पुलाजवळच्या आरटीओत अर्ज. विमा कंपनीला मालक बदलल्याचं १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं, ते त्याच आठवड्यात केलं. जुन्या मालकाची एनसीबी आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते, म्हणून हप्ता थोडा वाढला.

पावतीवर गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घेतली, हा आग्रह धायरीच्या मालकांचा होता. आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे, आणि त्यांच्या ओळखीतल्या कुणाला त्याचा फटका बसला होता. आमचं नाव अॅपवर दिसेपर्यंत ते दर दोन दिवसांनी फोन करत राहिले. मला ते आवडलं. कागद जपणारा माणूस असाच असतो.

नोव्हेंबर २०२६ मध्ये गाडीला ८ वर्षं पूर्ण होतील. तिथून पुढे दरवर्षी दिव्याला जायचं. भावाने फाइलमध्ये पासिंगसाठी वेगळा कप्पा केलाय, आणि मामांनी सांगितलंय की प्रत्येक पासिंगच्या महिनाभर आधी ड्रम उघडायला गाडी त्यांच्याकडे आली पाहिजे.